चाल न सांगितलेलं गाणं

आमच्याकडे गायन पार्टी गाणं सुरू करण्याआधी चाल सांगते. शब्द आपले असतात, पण सूर कोणत्या गाण्यावरून घेतला ते पेटीवाला माइकवर आधीच सांगून टाकतो. सिनेमातलं असेल तर सिनेमाचं नाव, दुसऱ्या पार्टीचं असेल तर त्या पार्टीच्या गायकाचं नाव. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट चाल ओळखीची निघाली की समोर सतरंजीवर बसलेल्या बाया सावरून बसतात. आणि चाल न सांगताच गाणं सुरू झालं, तर ऐकणारे समजून घेतात की ही चाल गाणाऱ्याची स्वतःची आहे.

माझ्या बाबांचं एक गाणं असं, चाल न सांगता सुरू होतं.

हे जरा आधीपासून सांगते, नाहीतर पुढचा माझा गोंधळ कोणाला कळणार नाही. बाबा हंगामात मारेगावच्या एका जिनिंगमध्ये काम करायचे, कापूस संपला की लोकांच्या घरांना रंग द्यायचे. आणि जयंती असो, नामकरण असो, कोणाच्या घरी गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, बोलावणं आलं की गायला जायचे. पेटीवर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ढोलकीवाला गावातलाच होता, आता तो मुलाकडे चंद्रपूरला राहतो. बाबांच्या त्या गाण्याची पहिली ओळ अशी आहे: ‘पाटी घेऊन निघाली पोर, ऊन राह्यलं मागं.’ गाणं माझ्या जन्माच्या आधीचं. पण लहानपणी मला पक्कं वाटायचं की त्यातली पोर मीच आहे, आणि शाळेत जाताना ऊन खरंच मागे राहतं का ते मी वळून पाहायचे.

ते गाणं आमच्या भागात चांगलंच फिरलं. दुसऱ्या पार्ट्यांनी त्या चालीवर आपापले शब्द बसवले. एकदा वणीकडच्या एका कार्यक्रमात अनोळखी पेटीवाल्याने माइकवर चाल सांगताना बाबांचं नाव घेतलं. आई इकडेतिकडे पाहायला लागली, कोणी आपल्याकडे पाहतंय का म्हणून. बाबांनी मात्र मान खाली घातली आणि समोर काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहत राहिले. माझे बाबा किती साधे आहेत, असं मला तेव्हा वाटलं. पुढे बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आता मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. वसतिगृहात माझ्या खोलीत उमरखेडकडच्या तांड्यावरची एक मुलगी आहे. ती आईशी फोनवर तांड्याच्या गोरबोलीत बोलते, माझ्याशी मराठीत, आणि चिडली की हिंदीत. अभ्यास करताना ती परदेशी गाणी लावते. शब्द कळले नाहीत की लक्ष तिकडे जात नाही, असं तिचं म्हणणं. गाणी ती निवडत नाही. एक संपलं की फोन आपोआप दुसरं लावतो.

एका रविवारी दुपारी मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते आणि तिचा फोन असाच वाजत होता. मध्येच काही पुरुष एकत्र ‘ओ ओ’ करायला लागले. ठेका संथ होता. टाळी जिथे पडायला पाहिजे तिथे न पडता जरा उशिरा पडत होती. मग एका माणसाने एक ओळ सुरू केली.

माझ्या हातातली ओढणी तशीच राहिली. कारण ती ओळ मला माहीत होती, आणि ती मध्येच तुटते हेही मला माहीत होतं. पण इथे ती तुटली नाही. तो माणूस ती पूर्ण म्हणाला आणि पुढची सुरू केली.

“हे आमच्या घरचं आहे,” मी म्हणाले.

“अच्छा?” मैत्रिणीने पुस्तकातून मान वर केली नाही. “मंग तुमच्या घरी गोरे लोक राहतेत का बाई?”

आमच्या घरी गोरे लोक राहत नव्हते, पण ही माणसं राहत होती. म्हणजे टेपमध्ये. बाबांच्या पार्टीने सराव करताना स्वतःची गाणी एका कॅसेटवर भरून ठेवली होती. माझं बालपण ती कॅसेट ऐकण्यात गेलं. तिच्यात शेवटचं गाणं संपलं की बाबा खोकतात, मोठेबाबा “कर बंद” म्हणतात, टक् असा आवाज होतो. आणि मग अचानक हे ‘ओ ओ’ ऐकू येतं, त्या माणसाची अर्धी ओळ येते आणि टोकाला तुटलेली टेप तिथेच संपते. मला वाटायचं ही माणसं कॅसेटच्या शेवटच्या टोकाला राहतात आणि बाबांचं गाणं कधी संपतं याची वाट पाहत बसतात. पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, कॅसेट आईच्या ट्रंकेत गेली आणि मी त्यांना विसरले.

मी मैत्रिणीच्या हातात ओढणी देऊन तिचा फोन घेतला. तो एक पूर्ण अल्बम होता. चित्रात पिवळ्या भिंतीसमोर काही तरुण उभे होते, सगळ्यांचे शर्ट फुलाफुलांचे, आणि सगळे वेगवेगळ्या दिशांना पाहत होते. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की या बँडने हा एकच अल्बम काढला, तो चालला नाही, आणि आता तो कोणाला आठवत नाही. संगीताचा प्रकार पॉप रेगे.

“रेगे तं आडनाव असते ना?” मैत्रीण म्हणाली.

मलाही तेवढंच माहीत होतं. मग आम्ही शोधून वाचलं की रेगे हा दूरच्या एका बेटावरून निघालेला ठेका आहे. पण हा बँड त्या बेटावरचा नव्हता, कुठल्याशा थंड देशातल्या बंदराच्या गावचा होता. म्हणजे त्यांनीही तो ठेका दुसऱ्यांकडूनच घेतला होता. त्यांच्यात ते आधी सांगायची पद्धत आहे की नाही, कोण जाणे.

मी अल्बम पहिल्या गाण्यापासून लावला. मला फक्त ती ओळ पुन्हा ऐकायची होती, पण म्हटलं आधीचीही ऐकू. चौथं गाणं सुरू झालं आणि मला आधी काही कळलंच नाही. नुसतं बरं वाटलं, घरचं जेवण समोर आल्यासारखं. मग मी नकळत शब्द म्हणायला लागले. पाटी घेऊन निघाली पोर. ते शब्द तिथे बसत होते. ठेका वेगळा, वेग निम्मा, पण सूर तोच. ‘ऊन राह्यलं मागं’ला तो माणूस जसा खाली उतरतो, तसेच बाबा उतरतात.

“काय झालं?” मैत्रिणीने विचारलं.

“हे बाबांचं गाणं आहे.”

“मघाशीबी तेच म्हटलं तू.”

“मघाशी वेगळं होतं. हे खरंच बाबांचं आहे.”

तिने पुस्तक मिटलं. इतका वेळ तिने पुस्तक मिटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मी एकच गोष्ट घोकत होते. दोन गाणी सारखी असू शकतात. जग मोठं आहे, सूर थोडे आहेत. पण ती कॅसेट आड येत होती. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्यांच्यावर चिकटपट्टी लावली की तिच्यावर आपलं भरता येतं. आमच्या भागात सगळ्या पार्ट्या तसंच करायच्या, कोरी कॅसेट कोणी घेत नसे. वर बाबांचं भरलेलं असेल आणि टोकाला हे लोक उरले असतील, तर हे लोक आधीचे. एवढं तर माझ्यासारखीलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच मला ते नको होतं.

कारण त्याच आठवड्यात गावातून फोन आला होता. जयंतीला मंडळ बाबांचा सत्कार करणार होतं. मंडळाचा अध्यक्ष माझ्याहून मोठा आहे, पण मी कॉलेजात गेल्यापासून मला ताई म्हणतो आणि अहो-जाहो करतो. मानपत्र मी लिहायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

“ताई, तुमाले जसं जमन तसं सजवा,” तो म्हणाला होता. “पण ‘स्वतःच्या चालीचा गायक’ हे आलंच पाह्यजे. तेच तं मेन हाय.”

मी हो म्हटलं होतं. मला अभिमानच वाटला होता. बाबांचा घसा जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने गेला आहे. आता ते वर चढत नाहीत, चार ओळी म्हटल्या की थांबतात. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं उरलं आहे ते ही चालच. आणि ती आता मला मैत्रिणीच्या फोनमध्ये, फुलाफुलांच्या शर्टातल्या माणसांकडे दिसत होती.

अल्बम ज्याने इंटरनेटवर टाकला होता त्याला मी जमेल तशा इंग्रजीत लिहिलं की हा कोणत्या वर्षीचा आहे. माझी आशा अजून पूर्ण गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वेष्टनावर वर्ष छापलेलं नाही, त्याला ही कॅसेट कोणाच्या तरी रिकाम्या केलेल्या घरातल्या खोक्यात सापडली. शेवटी त्याने लिहिलं होतं की बँडमधलं कोणी तुमच्याकडे सापडलं तर मला जरूर कळवा. मारेगाव कुठे आहे हे त्याला कोण सांगणार.

शनिवारी मी बसने घरी गेले. आधी आईला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, “तुह्या बाबाचं हाय. इंग्रजीत कोण म्हणून राह्यलं?”

“परदेशातले लोक आहेत.”

“आपल्याले न इचारता?” आईचा हात थांबला. “पाह्य बरं. एवढे शिकलेले लोक अन् असं कराव का त्यायनं! तुह्या बाबाले सांगजो, पण जेवल्यावर सांगजो. नाहीतं जेवणार नाही तो.”

 आईच्या म्हणण्यात किती सोय होती! क्षणभर मलाही वाटलं की असंच असू दे.

बाबा अंगणात रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत होते. मोठेबाबा चहासाठी आले होते. मी पालथ्या बादलीवर फोन ठेवला आणि चौथं गाणं लावलं.  मोठेबाबांची बोटं आधी त्यांच्या गुडघ्यावर हलायला लागली. पेटीवर हलतात तशीच.

“अबे, हे तं...” ते म्हणाले आणि त्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी ब्रश डब्यात सोडून दिला. गाणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग लुंगीला हात पुसत म्हणाले, “पह्यलेपासून लाव.”

“हेच?”

“नाही. सारीच लाव. तिच्यात पह्यलं गाणं दुसरं हाय, त्याच्यात बाई म्हणते.”

खरंच पहिल्या गाण्यात एक बाई म्हणते. म्हणजे मला आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी विचारलं, “बाबा, हे तुम्हाला माहीत होतं?”

“वणीच्या बाजारात एक जण पोत्यावर जुन्या कॅसेटा टाकून बसे,” बाबा म्हणाले. “वरचे कागद निघालेल्या. आपल्याले काय, आपल्याले भराले पाह्यजे होत्या. पण भरायच्या आधी एकडाव लावून पाहा लागते, टेप धड हाय का नाही. तं हे निंघालं. मले लय आवडलं. एक अक्षर समजे नाही. रंग मारता मारता तेच तोंडात राहे.”

“मग त्याच्यावर का भरलं?”

“दुसरी नव्हती.”

“पुसून गेलं ना ते?”

“पुसूनच गेलं.” बाबा म्हणाले. “वाईट वाटलं ना. पण चाल डोक्यात होती.”

“मी इचारलतं ह्याले,” मोठेबाबा मध्येच बोलले. “स्टेजवर बसलो, माइक माह्या तोंडापुढं. म्हटलं, चाल काय सांगू? हा म्हणे, नाव माहीत नाही. म्हटलं, मंग इंग्रजी चाल म्हणून सांगू? हा म्हणे, नोको, लोक हासतीन. मंग मी काहीच सांगतलं नाही. डायरेक सूर धरला.”

“अन् लोकायनं समजून घेतलं का चाल माहीच हाय,” बाबा म्हणाले.

“लोकायचं काय चुकलं त्याच्यात?” मोठेबाबा म्हणाले.

“कोण म्हणते चुकलं म्हणून. पुढं कधीतरी सांगू म्हटलं. पण एका कार्यक्रमात दुसऱ्याच पार्टीच्या पेटीवाल्यानं माइकवर माहं नाव घेतलं. मंग कसं सांगतं माणूस? सांगतलं तं त्याचीबी फजिती.” बाबांनी डब्यातला ब्रश काढून पुन्हा आत सोडला. “अन् मंग मलेच वाटाले लागलं का माहीच असन. एवढे वर्स म्हणून राह्यलो. ते कोण, कुठचे, पुसूनबी गेले. कोणाची म्हणू तिले?”

त्यांना राग आलेला नव्हता, लाजही वाटत नसावी. ते खरंच विचारत होते, आणि माझ्याकडे पाहून विचारत होते, कारण घरात शिकत असलेली मी होते.  कॉलेजात असा प्रश्न अजून आलेला नाही.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांच्या गाण्यात दोन ओळींनंतर सूर एकदम वर जातो. ‘माय उभी दारात’ इथे. लोक तिथेच टाळ्या देतात. त्या बँडच्या गाण्यात सूर वर जातच नाही. ते खालीच फिरत राहतात, मजेत, जणू त्यांना कुठे जायचंच नाही.

“हा अंतरा इथे नाही,” मी म्हणाले.

“दुसऱ्या गाण्यात असन. तिथून उचलला असन मी.”

म्हणून आम्ही सगळा अल्बम ऐकला. आई ताटं घेऊन आली आणि तीही बसली. आतून ऐकून तिला सगळं कळलं होतं, पण त्या लोकांवरचा तिचा रुसवा अजून गेला नव्हता. प्रत्येक गाणं सुरू झालं की बाबा पुढे झुकायचे. मोठेबाबा मध्ये मध्ये बोलत होते. “हा ढोलकीवाला झोपला हाय का बे? हात पडूनच नाही राह्यला.” बाबा त्यांना गप्प करायचे. शेवटी ‘ओ ओ’ आलं, त्या माणसाची ओळ आली आणि पूर्ण झाली. अल्बम संपला. अंतरा कुठेच नव्हता.

“त्यायची अजून एखादी कॅसेट असन,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा. एकच आहे.”

“मंग हा कोठून आला?”

“तुह्या बोडख्यातून आला असन, दुसरं काय!” मोठेबाबा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

बाबा हसले नाहीत. त्यांना आनंद झाला की काळजी वाटली, मला कळलं नाही. जेवताना ते तो अंतरा मनात म्हणून पाहत असावेत, कारण घास हातात धरून दोनदा थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मला सांगितलं की आपलं गाणं फोनमध्ये भर आणि ज्याने अल्बम टाकला त्या माणसाला पाठव. “घेतलं तं सांगाले पाह्यजे. आता पत्ता लागला.” तो माणूस बँडचा नाही, त्याला फक्त कॅसेट सापडली आहे, हे मी समजावलं. “मंग तो अन् मी सारखेच,” बाबा म्हणाले. मोठेबाबा पेटी घेऊन आले. बाबांचा आवाज अंतऱ्याला फाटला, पण त्यांनी पुन्हा भरू दिलं नाही.

यवतमाळला परत आल्यावर उत्तर आलं. त्या माणसाने गाणं अनेकदा ऐकलं होतं. गाणाऱ्याचा आवाज त्याला फार आवडला होता. पण, त्याने लिहिलं होतं, हे अल्बममधल्या कोणत्या गाण्याशी जुळतं ते मला काही केल्या ओळखता आलं नाही.

मी ते मैत्रिणीला दाखवलं. तिने एका कानात बाबा आणि एका कानात चौथं गाणं लावून पाहिलं. “सेम आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “नाही यार. पता नहीं.” मग मीही ऐकलं. पहिल्यांदा सारखं वाटलं. पुन्हा ऐकलं तर मलाही खात्री राहिली नाही. शब्द माहीत नसते तर मी ओळखलं असतं का? मला चाल ऐकू येत होती की बाबा?

फोनवर मी बाबांना सांगितलं. 

“ओळखू नाही आलं त्याले?”

“नाही म्हणतो.”

“आपण ठेका सरळ केला ना. ढोलकीवाल्याले तो लंगडा ठेका जमेच ना, मंग आपल्या नेहमीच्या ठेक्यात बसवलं. त्याच्यानं असन.” मग जरा हळू आवाजात म्हणाले, “लयच बदललं का मी?”

“मानपत्रात काय लिहू बाबा?”

मला वाटलं होतं ते सांगतील. लिही म्हणतील किंवा नको लिहू म्हणतील, आणि मी सुटेन. पण बाबा म्हणाले, “तू शिकून राह्यली ना माय. तूच पाह्य.”

मी पाहिलं. ‘स्वतःच्या चालीचा गायक’ हे लिहिलं आणि खोडलं. ‘बहुतांशी स्वतःच्या’ असं लिहून पाहिलं, ते वाचून मलाच हसू आलं. असं मानपत्र कोणाला देतात! शेवटी मी जिनिंगमधली धूळ लिहिली, रंगाचे डबे लिहिले, कोणत्याही घरच्या बोलावण्याला नाही न म्हणणं लिहिलं, आणि हे गाणं ऐकत मी शाळेत गेले ते लिहिलं. चालीबद्दल एक शब्द लिहिला नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं काय ते माहीत नव्हतं. कागद अध्यक्षाला पाठवून दिला. तो म्हणाला, लय भारी झालं ताई.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी विहारासमोर मांडव होता. बाबांना शाल दिली. अध्यक्षाने मानपत्र वाचायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, “स्वतःच्या चालीचा गायक म्हणून संपूर्ण तालुक्याला परिचित असलेले...”

मी खुर्चीतून अर्धी उठले. तो मला हाताने बसायची खूण करून पुढे वाचत राहिला. नंतर त्याने मला प्रेमाने सांगितलं की तुमच्याकडून मेन गोष्ट सुटली होती ताई, परीक्षेच्या गडबडीत होते असं, मीच टाकून घेतली. मानपत्र फ्रेममध्ये होतं, सोनेरी काठाच्या. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मोठेबाबांच्या पेटीला टेकवून ठेवली.

मग लोकांनी गाण्याचा आग्रह केला. कोणतं गाणं ते सांगायची गरजच नव्हती. मोठेबाबांनी भाता हलवला. नेहमीप्रमाणे ते काही न सांगता सूर धरणार, इतक्यात बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“चाल सांगाची राह्यली,” बाबा माइकवर म्हणाले.

लोक हसले. एक जण मागून ओरडला, “तुमची चाल आमाले काय सांगता मामा!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने बोलावलं. “मले त्यायचं नाव धड घेता येत नाही. माही पोरगी सांगन.”

आमच्याकडे पेटीवाल्याच्या माइकवर मुलीने चाल सांगितलेली मी कधी पाहिली नव्हती. मी गेले. फ्रेम पेटीला टेकलेली होती, तिच्यातली सोनेरी अक्षरं मला दिसत होती. ती वाचत वाचतच मी माइक धरला आणि त्या बँडचं नाव सांगितलं. मग चौथ्या गाण्याचं नाव सांगितलं. माझा आवाज मलाच भोंग्यातून परत ऐकू आला. अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिला. 

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने मान वर करून विचारलं, “कोणत्या गावची पार्टी हाय व ते?”

“दूरची आहे आजी,” मी म्हणाले.

“येते का इकडं?”

“नाही. बंद पडली ती.”

“अरे अरे,” ती म्हणाली आणि शेजारणीला सांगितलं. शेजारणीने मागच्या रांगेला सांगितलं. पार्टी बंद पडल्याचं सगळ्यांना वाईट वाटत असल्याचं दिसलं. मोठेबाबांनी सूर धरला. पाटी घेऊन निघाली पोर.

मी तिथेच पेटीजवळ बसून राहिले, खाली उतरायला वेळच मिळाला नाही. बाबा पहिल्या दोन ओळी नीट म्हणाले. मग अंतरा आला. बाबांनी श्वास घेतला, ‘माय उभी’पर्यंत गेले आणि तिथून त्यांचा आवाज वर गेलाच नाही. त्यांनी हात छातीवर ठेवला. पण सूर थांबला नाही, कारण समोरच्या बायांना तो पाठ होता. सतरंजीवर बसल्या बसल्या त्यांनी तो वर नेला, जिथे तो त्या बँडच्या कॅसेटवर कुठेच जात नव्हता तिथे. ती म्हातारीही म्हणत होती.

बाबा माझ्याकडे झुकले. मला वाटलं पाणी मागताहेत.

“पाह्य,” ते माझ्या कानाजवळ म्हणाले, “हे माहं असन का?”

मी म्हणाले, असेल.